गेमिंग संगणकाचे सुटे भाग : निवडीचा विवेक

स्मरणिकेत धम्म, चळवळ, संस्थेची वाटचाल आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी यांवर लेख असावेत, ही रीत आहे. त्या पंक्तीत गेमिंग संगणकाच्या सुट्या भागांवरील लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु सुटीत मुलांना न्यायला येणारे पालक अलीकडे आम्हांला जे प्रश्न विचारतात, त्यांत हा प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. मुलाला किंवा मुलीला गेम खेळता येईल असा संगणक हवा आहे. तोही दुकानातून तयार न आणता सुटे भाग घेऊन स्वतः जोडायचा आहे. द्यावा की न द्यावा? आणि द्यायचा तर फसगत होणार नाही, हे कशावरून?

प्रश्न साधा नाही. असा संगणक म्हणजे आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांच्या कित्येक महिन्यांच्या बचतीचा ऐवज. एवढी रक्कम मुलाच्या हट्टापायी किंवा दुकानदाराच्या गोड बोलण्यावर खर्च व्हावी, हे योग्य नाही. आणि विषय कळत नाही म्हणून मुलाची जिज्ञासा दडपून टाकावी, हेही योग्य नाही. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत, संगणकशास्त्राचे नव्हे. तथापि एखादी वस्तू कशी घडत गेली हे पाहिले, म्हणजे ती कशी पारखावी हेही पुष्कळसे उमगते. त्या बळावर हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

खेळाचे यंत्र की अभ्यासाचे?

पालकांच्या मनातील पहिली शंका अशी, की हा पैसा निव्वळ खेळात जाणार. वस्तुस्थिती निराळी आहे. गेमिंग संगणकाला इतर संगणकांहून वेगळे करणारा भाग एकच : ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरील लाखो ठिपक्यांचे रंग एकाच वेळी ठरवायचे असल्यामुळे त्यात हजारो लहान गणनयंत्रे समांतर चालतात. खेळासाठी जन्मलेली ही क्षमता पुढे विज्ञानाच्या कामी आली. २०१२ साली टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी चित्रे ओळखणारी ‘अ‍ॅलेक्सनेट’ ही प्रणाली घडवली आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेला तेथून गती मिळाली. ती प्रणाली कोणत्याही महासंगणकावर नव्हे, तर गेम खेळणाऱ्यांसाठी बाजारात मिळणाऱ्या जीटीएक्स ५८० या दोन कार्डांवर शिकवली गेली होती. ज्या यंत्रावर मूल संध्याकाळी खेळेल, त्याच यंत्रावर ते त्रिमिती चित्रण, चलचित्रांचे संपादन, वास्तुरचनेचे आराखडे आणि प्रोग्रॅमिंग शिकू शकते. ब्लेंडरसारखे उत्तम दर्जाचे त्रिमिती सॉफ्टवेअर तर विनामूल्य उपलब्ध आहे.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, १९४२ साली त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांविषयी सरकारला सविस्तर निवेदन दिले. विज्ञान आणि तंत्रज्ञान यांच्या उच्च शिक्षणासाठी, प्रसंगी परदेशातील शिक्षणासाठी, आपल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाव्यात अशी मागणी त्यात होती. केवळ कला आणि कायदा यांच्या पदव्यांनी समाज पुढे जाणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. या देशात ग्रंथ एकाच्या हाती आणि अवजार दुसऱ्याच्या हाती, अशी वाटणी जातीने करून ठेवली होती. आपले मूल हाती स्क्रूड्रायव्हर घेऊन, समोर माहितीपुस्तक उघडून यंत्र जोडायला बसते, तेव्हा ती वाटणी त्याच्यापुरती तरी मोडते. म्हणून ‘द्यावा की न द्यावा’ या प्रश्नाला आमचे उत्तर असे : ऐपत असेल तर द्यावा, पण प्रत्येक भाग का निवडला हे मुलाने आधी कागदावर लिहून समजावून सांगावे, या अटीवर.

सुट्या भागांचा संगणक शक्य कसा झाला?

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. वेळ वाचवण्यासाठी तिने त्यात बाहेरच्या कंपन्यांचे तयार भाग वापरले आणि यंत्राच्या अंतर्गत रचनेची तांत्रिक माहितीही पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यामुळे इतरांना त्याच मापाचे, त्याच जोडणीचे भाग बनवता आले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही मानक रचना मांडली. मदरबोर्डाचा आकार, स्क्रूंच्या छिद्रांची जागा आणि विजेची जोडणी यांचे नियम त्यात ठरले. आज तैवानमधील एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्याच कंपनीच्या कॅबिनेटमध्ये अचूक बसतो, तो या खुल्या मानकांमुळे. ज्ञान एका घराण्यात कोंडून न ठेवता सर्वांसाठी लिहून ठेवले की काय घडते, त्याचे हे एक उदाहरण आहे.

‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला रथाविषयी विचारतात : दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? कोणताही एक भाग रथ नव्हे. त्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. संगणकाचेही तसेच आहे. आपल्याकडे अनेक जण सबंध पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात, परंतु सीपीयू हा तिच्यातील तळहातावर सहज मावणारा एक भाग आहे. महागडा प्रोसेसर घेतला म्हणजे उत्तम संगणक झाला असे होत नाही. एक भाग फार बलवान आणि दुसरा दुबळा असेल, तर बलवान भाग दुबळ्याची वाट पाहत बसतो आणि त्यासाठी मोजलेले पैसे वाया जातात. समतोल जुळणी हाच निवडीचा पाया.

आरंभ पडद्यापासून

बहुतेक मुले प्रोसेसरपासून आरंभ करतात. आमच्या मते आरंभ मॉनिटरपासून करावा, कारण यंत्राला किती काम पडणार हे पडदा ठरवतो. १९२० गुणिले १०८० या नेहमीच्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६ लाख ८६ हजार. आणि ज्याला ‘फोर के’ म्हणतात त्या ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर सुमारे ८२ लाख ९४ हजार, म्हणजे पहिल्याच्या नेमके चौपट. दर चित्रासाठी ग्राफिक्स कार्डाला एवढे ठिपके रंगवावे लागतात.

दुसरी बाब वेगाची. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एका चित्रासाठी यंत्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर हाच अवधी सुमारे ६.९ मिलिसेकंद उरतो. पहिल्या संगणकासाठी १९२० गुणिले १०८० चा पडदा पुरेसा आहे. तो निश्चित केला की पुढील सर्व भागांचा खर्च आवाक्यात राहतो.

ग्राफिक्स कार्ड

गेमिंग संगणकात सर्वांत मोठा वाटा या भागाचा असावा. वरील पडद्यासाठी ८ जीबी स्मृती असलेले मध्यम प्रतीचे कार्ड घ्यावे. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० आणि एएमडीचे आरएक्स ७६०० ही २०२३ मधील कार्डे या वर्गातील. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी स्मृती आहे. वीज किती लागते हेही पाहावे : आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, आरएक्स ७६०० ला १६५ वॅट आणि आर्क बी५८० ला १९० वॅट. आर्क कार्ड तुलनेने नव्या प्रोसेसर-मदरबोर्डाबरोबरच चांगले चालते. जुन्या संगणकात ते बसवू नये.

येथे फसगतीच्या दोन जागा आहेत. पहिली, केवळ जीबीचा आकडा पाहून कार्ड घेणे. २०१४ च्या सुमाराचे जीटी ७३० हे कार्ड आजही ‘चार जीबी ग्राफिक्स’ म्हणून विकले जाते. स्मृती म्हणजे सामान ठेवण्याची खोली. काम करणारे हात किती आहेत, ते तिच्यावरून कळत नाही. दुसरी जागा नावाच्या साम्याची. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन कार्डे मिळतात. त्यांतील ६ जीबीच्या कार्डात गणनयंत्रेही कमी आहेत, म्हणजे फरक केवळ स्मृतीचा नाही. म्हणून पूर्ण नाव आणि स्मृती दोन्ही लिहून घ्यावे आणि त्याच कार्डाच्या चाचण्या पाहाव्यात.

प्रोसेसर

गेमसाठी आज सहा गाभ्यांचा, म्हणजे सिक्स-कोर, प्रोसेसर पुरेसा होतो. एएमडीचे रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ७६०० किंवा इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ हे तिन्ही सहा कोर आणि बारा थ्रेडचे आहेत. इंटेलच्या क्रमांकाअखेरचे ‘एफ’ हे अक्षर ध्यानात ठेवावे. त्याचा अर्थ असा, की प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही. वेगळे कार्ड बसवल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही.

‘आय सेव्हन’ हे शब्द ऐकून पालक निश्चिंत होतात. परंतु आय३, आय५, आय७ ही त्या त्या पिढीतील उतरंड आहे. ती पिढ्यांच्या पलीकडे लागू पडत नाही. २०११ मधील कोअर आय७-२६०० आणि २०२२ मधील कोअर आय३-१२१०० या दोघांत चार कोर आणि आठ थ्रेड आहेत, पण नवा आय३ जुन्या आय७ पेक्षा कितीतरी वेगवान आहे. ‘आय सेव्हन, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स’ अशी पाटी लावून विकल्या जाणाऱ्या स्वस्त संगणकात पाटीवरील प्रत्येक शब्द खरा असू शकतो आणि तरीही घेणारा फसू शकतो. ‘कितवी पिढी?’ हा एक प्रश्न विचारायला मुलाला शिकवावे.

मदरबोर्ड आणि सॉकेट

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट जुळले नाही तर बाकी सर्व निवड व्यर्थ. रायझन ५ ५६०० हा एएम४ सॉकेटचा असून त्याला डीडीआर४ रॅम लागते. रायझन ५ ७६०० हा २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटचा; त्यावर केवळ डीडीआर५ चालते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए १७०० सॉकेटवर बसतात. त्याचे काही बोर्ड डीडीआर४ चे तर काही डीडीआर५ चे असतात. दोन्ही रॅमच्या पट्ट्यांवरील खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. बळ लावून बसवू पाहिली तर बोर्ड निकामी होतो.

एएम४ स्वस्त पडतो, पण त्याची वाट आता संपत आली आहे. एएम५ वर २०२७ आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. चार-पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून यंत्र तरुण करायचे असेल, तर थोडे अधिक पैसे मोजून एएम५ घेणे शहाणपणाचे. मदरबोर्ड महागातला नको, मध्यम प्रतीचा बी६५० वर्गातला पुरे. मात्र रॅमसाठी चार खाचा आणि एसएसडीसाठी दोन एम.२ जागा असाव्यात.

रॅम आणि एसएसडी

रॅम १६ जीबीपेक्षा कमी नसावी आणि ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. एकच १६ जीबीची पट्टी घातली तर एक वाट बंद राहते. रॅमचे भाव स्थिर नसतात. २०२५ च्या अखेरीस स्मृतीच्या चिप्स कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळू लागल्या आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले. म्हणून खरेदीपूर्वी काही आठवडे भाव लिहून ठेवण्याची सवय लावावी.

साठवणुकीसाठी जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क एकट्याने पुरेशी नाही. एम.२ खाचेत बसणारी एनव्हीएमई एसएसडी घ्यावी. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, तर एनव्हीएमई तिच्या कित्येक पट. परंतु सर्वांत वेगवान एनव्हीएमईसाठी जादा पैसे देण्याने गेममध्ये फारसा फरक पडत नाही. ते पैसे क्षमतेवर खर्चावेत. आजचे अनेक मोठे गेम एकेकटे १०० जीबीहून अधिक जागा घेतात, तेव्हा १ टीबी हे माप योग्य.

एसएमपीएस : न दिसणारा आधार

या सर्व भागांना वीज पुरवणारी पेटी म्हणजे पॉवर सप्लाय. आपल्या बाजारात तिला एसएमपीएस म्हणतात. ती दिसत नाही, गेमचा वेग वाढवत नाही, म्हणून बचत करायची वेळ आली की पहिली काटछाट तिच्यावर होते. ही सर्वांत महाग पडणारी बचत आहे, कारण निकृष्ट एसएमपीएस जळताना बोर्ड आणि कार्ड यांनाही बरोबर घेऊन जाऊ शकतो.

किती वॅटचा घ्यावा, हे बेरजेने काढता येते. रायझन ५ ७६०० पूर्ण भारावर ८८ वॅटपर्यंत वीज घेतो. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ६० वॅट धरू. एकूण २६३ वॅट झाले. त्याच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे ५५० वॅटचा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस घेतला, की तो गरम न होता चालतो आणि पुढे मोठे कार्ड बसवायलाही वाव राहतो.

पेटीवरील मोठ्या आकड्यावर मात्र विसंबू नये. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यापुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे, कारण प्रोसेसर आणि कार्ड यांना तेथूनच वीज मिळते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे आपण दहावीपर्यंत शिकवतोच. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या पेटीवर ‘४५० वॅट’ असे छापले असेल आणि १२ व्होल्टपुढे १५ अँपिअर असतील, तर खरी उपयोगी शक्ती १८० वॅटच. उलट ४५ अँपिअर असतील तर ५४० वॅट. ‘८० प्लस’ हे चिन्ह असावे, पण ते विजेच्या बचतीची हमी देते; संरक्षणाची नव्हे. म्हणून वॉरंटी किती वर्षांची, हेही पाहावे. पाच वर्षे वा अधिक असेल तर उत्तम.

गावाकडे विजेचा दाब खालीवर होतो आणि अनेक घरांत अर्थिंग नीट नसते. संगणकाआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि यूपीएस घ्यावा. ६०० व्हीएचा सामान्य यूपीएस साधारण ३६० वॅट भार पेलतो. वरील यंत्र आणि मॉनिटर मिळून तो त्या मर्यादेत राहतो. लाईट गेल्यावर काम जतन करून यंत्र बंद करण्यापुरती सवड त्यातून मिळते.

कॅबिनेट

रंगीत दिव्यांच्या आणि पुढून काचेने बंद असलेल्या कॅबिनेटला मुले भुलतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, जेथे खोलीतच चाळीस अंशांच्या आसपास तापमान असते, तेथे अशी बंद पेटी भट्टीसारखी होते. पुढून जाळी असलेली, पुढून थंड हवा आत घेणारे आणि मागून गरम हवा बाहेर टाकणारे पंखे असलेली कॅबिनेट घ्यावी. धूळ अडवणारी, काढून धुता येणारी गाळणी असावी. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते ना, हे मिलिमीटरमध्ये ताडून पाहावे. रायझन ५ ७६०० बरोबर कंपनीचा कूलर येतो. पहिल्या संगणकासाठी तो पुरतो.

पैशाची वाटणी

भाव रोज बदलतात, म्हणून आम्ही रुपये न देता वाटे देत आहोत. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि यूपीएस वगळता पेटीच्या खर्चाचे १०० भाग केले, तर ग्राफिक्स कार्डाला ३८, प्रोसेसरला १७, मदरबोर्डाला १३, रॅमला १०, एसएसडीला ८, एसएमपीएसला ८ आणि कॅबिनेटला ६ अशी वाटणी समतोल ठरते. रॅम महागल्यास चार-पाच भाग इतरांतून काढावे लागतील. तेव्हा ते कॅबिनेट आणि मदरबोर्ड यांतून काढावेत, एसएमपीएसमधून नव्हे.

एवढी रक्कम एकदम उभी राहत नसेल तर कर्जाचा हप्ता अंगावर घेऊ नये. टप्प्याटप्प्याचा मार्ग आहे. ज्यांच्यात बरे ग्राफिक्स आधीच अंतर्भूत आहे असे प्रोसेसर मिळतात. एएम४ वर रायझन ५ ५६००जी, एएम५ वर रायझन ५ ८६००जी. पहिल्या वर्षी असा प्रोसेसर, दोन पट्ट्यांची रॅम आणि चांगला एसएमपीएस घेऊन संगणक उभा करावा. त्यावर अभ्यास, प्रोग्रॅमिंग आणि हलके गेम चालतात. पुढे पैसे साठले की त्याच पेटीत ग्राफिक्स कार्ड बसवावे. पहिल्या खरेदीतील काहीही फेकावे लागत नाही. तयार लॅपटॉपपेक्षा सुट्या भागांच्या संगणकाचा हाच मोठा लाभ आहे.

खरेदी करताना

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. जिल्ह्याच्या ठिकाणीही आता दुकाने आहेत आणि घरपोच मागवण्याचीही सोय आहे. कोठूनही घ्या, तीन-चार ठिकाणचे भाव प्रत्येक भागागणिक लेखी घ्या. ‘पूर्ण सेट एवढ्याला’ असा भाव घेऊ नये, कारण त्यात कोणता भाग हलका घातला हे कळत नाही.

१८ टक्के जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या बिलाचा आग्रह धरला जातो. तो मोह टाळावा. वॉरंटीच्या वेळी पक्के बिल आणि त्यावरील अनुक्रमांक हाच आपला पुरावा असतो. कागदपत्राचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

जुने ग्राफिक्स कार्ड घेणे चूक नाही, पण पारखून घ्यावे. २०२१ च्या सुमारास आभासी चलनाच्या उत्खननासाठी हजारो कार्डे अहोरात्र चालवली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धत सोडल्यावर अशी कार्डे जुन्या बाजारात आली. विक्रेत्याने अर्धा तास जड गेम चालवून दाखवला आणि वॉरंटी शिल्लक असली तरच घ्यावे. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र जुने कधीही घेऊ नयेत.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले, की परंपरेने आले म्हणून, बोलणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका; स्वतः पारखा. दुकानदार, मित्र, जाहिरात आणि हा लेख यांनाही तेच लागू आहे. एकच गेम, एकच पडदा आणि एकच मांडणी ठेवून दोन कार्डांची तुलना केलेल्या स्वतंत्र चाचण्या उपलब्ध असतात. दोन-तीन ठिकाणचे आकडे जुळले तर विश्वास ठेवावा. इतिहासातही साधने आम्ही अशीच ताडून पाहतो.

जोडणी

जोडणी सतरंजीवर बसून करू नये. कोरड्या लाकडी टेबलावर करावी. अंगातील स्थिर विजेने भाग बिघडू नयेत म्हणून अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. प्रोसेसरवरील लहान त्रिकोण सॉकेटवरील त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवावा, दाबू नये. नुसत्या प्रोसेसरवर थर्मल पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढी पुरते. नव्या कूलरला ती लावलेलीच असेल तर वेगळी घालू नये. दोन रॅम पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. कॅबिनेटमधील पितळी आधारांवरच बोर्ड ठेवावा. मॉनिटरची वायर मदरबोर्डाला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला जोडावी. पहिल्यांदा जोडणारे बहुतेक जण येथेच अडखळतात. यंत्र सुरू झाले की बायोसमध्ये जाऊन रॅमचा एक्सपो किंवा एक्सएमपी हा पर्याय चालू करावा. एरवी ती आपल्या पूर्ण वेगाने धावत नाही.

शेवटी सॉफ्टवेअरविषयी. चोरीचे विंडोज आणि ‘क्रॅक’ केलेले गेम घेऊन नव्या यंत्राचा आरंभ करू नये. त्यातून विषाणू येतात, हे एक कारण. आणि न दिलेले घेऊ नये, हे आपले दुसरे शील आहे, हे त्याहून मोठे. लिनक्स विनामूल्य मिळते. २०१८ पासून स्टीमने दिलेल्या प्रोटॉन या साधनामुळे विंडोजसाठी बनलेले पुष्कळ गेम त्यावर चालतात. फसवणूकविरोधी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन गेम तेवढे चालत नाहीत. विनामूल्य आणि रास्त मार्गाने मिळणारे गेमही भरपूर आहेत. खेळण्याची वेळ यंत्र येण्याआधीच घरात ठरवावी. नंतर ठरवणे कठीण जाते.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेक जण आज संगणक क्षेत्रात आहेत. जुना पण चालू स्थितीतील मदरबोर्ड, रॅम किंवा कॅबिनेट भंगारात देण्यापूर्वी वसतिगृहातील मुलांची आठवण ठेवावी. तयार संगणक दान दिला, तर मुले तो वापरतील. सुटे भाग दिले आणि एक रविवार त्यांच्यासोबत बसलात, तर ती तो उघडतील, जोडतील, बिघडला तर दुरुस्त करतील. संगणक चालवणारे हात आपल्या समाजात आता पुष्कळ झाले आहेत. तो उघडून पाहणारे हात वाढावेत, यासाठी हा लेखनप्रपंच.

नमो बुद्धाय! जय भीम!